माझं नाव थोरली नव्हे

मी एक जुनी टाकी आहे, मित्रांनो. एका राहत्या गाडीच्या तळाला, संडासाच्या बरोबर खाली, लोखंडी पट्ट्यांनी मला आवळून बसवलं होतं. माझं खरं नाव काळ्या पाण्याची टाकी. हसू नका. संडासातलं सगळं माझ्यात यायचं. शेजारी करड्या पाण्याची टाकी होती. तिच्यात भांड्यांचं, आंघोळीचं साबणपाणी जायचं. ताज्या पाण्याची टाकी वर, पलंगाखाली. तिला सगळे जपायचे.

कारखान्यात साच्यातून काढल्यावर एका कामगाराने मला टिचकी मारली आणि म्हणाला, "खणखणीत आहे." माझं कौतुक झालं ते तेवढंच.

गाडी एका शिंप्याची. गावोगावच्या बाजारात गाडी लावून तो आणि त्याची बायको कपडे शिवायचे. सोबत त्याची विधवा वहिनी. काज-बटणं तिची, स्वयंपाक तिचा आणि मला रिकामं करणंही तिचंच. हातमोजे चढवून ती जाड पाइप जोडायची, आधी माझी झडप ओढायची, मग करडीची. म्हणजे मागून येणाऱ्या साबणपाण्याने पाइप धुऊन निघायचा. शिंप्याच्या हा क्रम कधी लक्षात राहिला नाही. म्हणून त्याने आम्हाला नावं ठेवली, दोन्ही अर्थांनी. मी थोरली, करडी धाकटी.

"आधी थोरली, मग धाकटी. आपल्या घरातल्यासारखं," तो म्हणाला.

"म्हणजे घाण साठवणारी मी का हो, भावजी?" वहिनीने विचारलं.

"अहो, गंमत केली."

धाकटी जाऊही हसली. दुसऱ्याच्या जिवावर हसायचं असलं की लोक त्याला गंमत म्हणतात.

पुढे माझ्या तळाला चीर गेली. एका सकाळी शिंपी माझ्यापाशी वाकून गॅरेजवाल्याशी फोनवर बोलत होता. वहिनी वर संडासात होती. तिला शब्द न् शब्द ऐकू गेला.

"थोरलीला आता काढूनच टाकू. म्हातारी झाली, वास मारते, नुसती जागा अडवते. धाकटी राहू दे, ती चांगली आहे."

मला बोलता येत नाही. वहिनी पिशवी भरून गाडीतून उतरली. धाकटी जाऊ तिच्यामागे धावली.

"जाऊबाई, कुठे निघालात?"

"वास मारते म्हणे मी."

शिंपी धापा टाकत आला. "वहिनी, अहो मी टाकीबद्दल बोलत होतो."

"मग टाकीला टाकी म्हणायचं." ती शांतपणे म्हणाली. "आणि एक सांगा भावजी. ते माझ्याबद्दल नसेल, अशी शंकासुद्धा मला आली नाही. ती का आली नाही?"

धाकट्या जावेने हातमोजे आणून शिंप्याच्या हातात कोंबले. "आजपासून तुम्ही करायचं हे."

त्याने पाइप जोडला आणि करडीची झडप धरली.

"आधी काळी," वहिनी म्हणाली. पिशवी अजून तिच्या हातातच होती.

त्याच दिवशी मला काढलं. गाडी गेली तेव्हा ती पिशवी दाराच्या पायरीवर होती, ना आत ना बाहेर. पुढचं मला ठाऊक नाही. मी गॅरेजच्या मागे उपडी पडून आहे.

मित्रांनो, मला काळ्या पाण्याची टाकीच म्हणा. त्यात मला कमीपणा नाही. घाण साठवणं हे माझं काम होतं, तिचं नव्हतं. तुमच्या घरातली टाकी कोण आहे, ते एकदा बघा. आणि हातमोजे कुठे ठेवलेत, तेही.