उभ्या लोंब्या

भात संशोधन केंद्रात ती मोजमापाच्या कामावर होती, आणि गावात तिला सगळे पेटीताई म्हणत. कारण ती यायची तेव्हा तिच्यासोबत कमरेएवढी उंच, पारदर्शक प्लास्टिकची एक पेटी असायची. भाताच्या चार चुडांवर, म्हणजे रोपांच्या झुबक्यांवर, ती पेटी पालथी घालायची, दर दहा मिनिटांनी आतली हवा इंजेक्शनच्या नळीत ओढायची आणि बारक्या बाटल्यांत भरून न्यायची. "आली शेताचं रक्त तपासायला," असं म्हणून बांधावरची माणसं हसत. तीही हसायची. गाव तिचंच होतं, आणि ज्या खाचरात ती पेटी लावायची ते तिच्या सख्ख्या भावाचं होतं.

दादाला तिने सगळं समजावून सांगितलं होतं. खाचरात महिनोन्‌महिने पाणी तुंबून राहिलं की खालच्या मातीला हवा मिळत नाही. तिथे जे कुजतं त्यातून वायू तयार होतो, भाताच्या पोकळ काडीतून वर येतो आणि आभाळात जातो. त्याने हवा तापते.

"म्हणजे माझ्या शेतातून धूर निघतो म्हणतेस?"

"निघतो. फक्त दिसत नाही."

"आणि लहानपणापासून तू जेवलीस तो भात कुठला?"

"त्याच शेतातला."

दादा पोट धरून हसला. मग हळूहळू थांबला. गेली तीन वर्षं ऊन कसं होतं ते त्याला कुणी सांगायची गरज नव्हती. "बरं," तो म्हणाला, "करायचं काय ते सांग."

करायचं तसं थोडंच होतं. भोकं पाडलेली एक नळी खाचरात उभी पुरायची. पाणी आटू द्यायचं. नळीत डोकावून बघायचं. आतलं पाणी जमिनीखाली वीतभर गेलं की मगच पुन्हा भरायचं. हंगामात दोनदा असं केलं की मातीला श्वास मिळतो आणि तो वायू निम्म्यावर येतो. फक्त फुलोऱ्याच्या दिवसांत पाणी उभं हवंच.

"जमीन भेगाळलेली बघवत नाही मला," दादा म्हणाला. "पण तू सांगतेस म्हणून करतो."

शेजारच्या दोन खाचरांची मालकीण एक म्हातारी मावशी होती. नात्याची नव्हे, पण अख्ख्या गावाची मावशी. एकटीच राहायची, स्वतः लावणी करायची, पिकेल ते वर्षभर खायची. "तुझा दादा करतो ते मी करते," म्हणाली आणि नळी पुरून घेतली. रोज सकाळी ती नळीला डोळा लावायच्या ऐवजी कान लावायची. "दिसत नाही ग मला आतलं. पण पाणी खाली गेलं की आवाज बदलतो." पेटीताईने मोजून पाहिलं, तर मावशीचा अंदाज बोटभरही चुकत नव्हता.

नाही म्हणणारा एकच निघाला. त्याचं खाचर वर्षानुवर्षं काठोकाठ भरलेलं असायचं, म्हणून त्याला सगळे तुडुंबकाका म्हणत. "पोरी, तुझी पेटी तुझ्यापाशी," तो म्हणाला. "भाताचे पाय पाण्यात आणि डोकं उन्हात. मला एवढंच कळतं."

पहिलं वर्ष छान गेलं. पीक तेवढंच आलं, पाणी कमी लागलं, आणि बाटल्यांतले आकडे पाहून केंद्रातल्या साहेबांनी तिला खुर्ची दिली. आजवर ती त्यांच्यासमोर उभीच राहायची.

दुसऱ्या वर्षी वीस घरं तयार झाली. ती आपोआप झाली नाहीत. पेटीताई दारोदार फिरली, ओट्यांवर बसली, चहाचे कप संपवले, तेच तेच दहादा सांगितलं. शाळेच्या खोलीत बैठक झाली तेव्हा कुणीतरी विचारलं, "आम्ही पाणी आटवून बसलो आणि कालवा आलाच नाही तर?" तिने कालव्याच्या कचेरीतून पत्र आणलं होतं. दर सात दिवसांनी पाण्याची पाळी मिळेल, असं त्यात सहीशिक्क्यानिशी लिहिलेलं होतं. तिने ते मोठ्याने वाचून दाखवलं. वर आपल्या पदरचं एक वाक्य जोडलं, "भिऊ नका, मी आहे ना."

भात पोटरीला आलं, म्हणजे पानांच्या आत लोंबी फुगायला लागली, तेव्हा दुसऱ्यांदा पाणी आटवलेलं होतं. पाळी सोमवारी होती. सोमवारी फुलोऱ्याआधी खाचरं भरली की झालं. रविवारपासून गरम वारा सुटला. सोमवारी कालवा कोरडा होता.

ती धावत कालव्याच्या दारापाशी गेली. ते दार सांभाळणारा पाटकरी झाडाखाली बसला होता. तो उठून उभा राहिला. एरवी तो कुणासाठी उठत नसे.

"ताई, धरण तळाला गेलंय. आहे ते शहराला प्यायला सोडायचा हुकूम आहे."

"किती दिवस?"

"हुकुमात दिवस लिहिलेले नाहीत."

"पण माझ्याकडे पत्र आहे!"

"असेल की. माझ्याकडे चावी आहे," तो म्हणाला. "पाणी नाही."

ती कचेरीत गेली. तिथला अधिकारी वाईट माणूस नव्हता. त्याने तिला पंख्याखाली बसवलं आणि सांगितलं की शहरात दवाखाने आहेत, बाळंतिणी आहेत, उष्माघाताचे आजारी आहेत. "तुम्ही माझ्या जागी असता तर काय केलं असतं?" तिनेही तेच केलं असतं.

त्याच शहरात, केंद्राजवळ, तिची भाड्याची खोली होती. संध्याकाळी ती खोलीवर आली, हात धुवायला नळ सोडला आणि पाणी आलं. नेहमीसारखं, भरघोस. ती तशीच त्या धारेकडे बघत राहिली. हे कुठून आलं ते तिला चांगलं माहीत होतं. तिने नळ बंद केला, पुन्हा सोडला. मग घरात होतं ते सगळं भरायला काढलं: बादल्या, पातेली, पिंप. शेजारणीकडून कॅन मागून आणले. दुसऱ्या दिवशी केंद्राच्या गाडीत चौदा कॅन घालून ती गावात आली.

पहिला कॅन दादाच्या खाचरात ओतला. भेगेने तो गिळला, ओला डागसुद्धा राहिला नाही. दुसरा ओतला. तिसऱ्याला वहिनी पुढे आली आणि तिने कॅनचं तोंड धरलं. "ताई, पुरे. प्यायला राहू द्या."

"वहिनी, निदान मावशीच्या—"

"पुरे म्हणते ना मी!" वहिनी आयुष्यात पहिल्यांदा तिच्यावर ओरडली, आणि लगेच पदराने डोळे पुसू लागली.

दोन दिवसांनी भात निसवलं, लोंब्या बाहेर पडल्या. भाताचं फूल सकाळी दहाच्या सुमाराला उमलतं, तासभरच उघडं राहतं, आणि तेवढ्यात दाणा धरला तर धरला. ती बांधावर बसून बघत होती. पांढुरके बारीक तुरे बाहेर आले, गरम वाऱ्यात थरथरले आणि तिच्या डोळ्यांदेखत सुकले. अकरालाच हवा भट्टीसारखी तापली होती. जवळ पेटी होती, काम होतं, म्हणून तिने पेटी लावली. दहा मिनिटांनी हवा ओढली. बाटलीवर तारीख लिहिली.

नवव्या दिवशी पाणी सुटलं. खाचरं भरली, पानं पुन्हा हिरवीगार झाली. रस्त्यावरून जाणारा माणूस म्हणाला असता, काय सुंदर पीक आहे! दादाही थोडा सावरला. "बघ, वाचलं बहुतेक," म्हणाला.

तीन आठवड्यांनी वहिनीच्याच लक्षात आलं. "या लोंब्या वाकत का नाहीत हो?" तिने विचारलं. आणि खरंच, सगळं शेत ताठ उभं होतं. दाणा भरला की लोंबी वजनाने झुकते. दादाने एक लोंबी ओढली, तळहातावर चोळली, फुंकर मारली. तळहात रिकामा झाला. त्याने दुसरी ओढली. मग तिसरी. पुढे पुढे तो फुंकर मारायचाही थांबला, नुसता लोंब्या ओढत चालला. शेवटी वहिनीने त्याला हाताला धरून बांधावर बसवलं.

तुडुंबकाकाच्या शेतात मात्र लोंब्या झुकल्या होत्या. सगळ्या नाहीत, ऊन त्यालाही लागलं होतं; पण त्याच्या खाचरातलं साठलेलं पाणी सहा-सात दिवस पुरलं होतं. संध्याकाळी तो दादाच्या दारात आला. तिला वाटलं, आता बोलेल. तिला ते हवंही होतं. त्याने कोपऱ्यात गेल्या वर्षीच्या तांदळाचं एक पोतं ठेवलं, "मुलांना..." एवढंच म्हणाला आणि पाठ फिरवून गेला. तो बोलला असता तर बरं झालं असतं.

केंद्रात साहेबांना आकडे फार आवडले. वायू निम्म्याहून खाली आला होता. असा निकाल आजवर मिळाला नव्हता. "पिकाचं नुकसान पाळी चुकल्यामुळे झालं, पद्धतीमुळे नाही," साहेब म्हणाले. "आपण तळटीप देऊ."

"साहेब, पाळी हा पद्धतीचाच भाग होता. पाळीच्या भरवशावरच आपण त्यांना पाणी आटवायला लावलं."

"तुम्ही भावनेच्या भरात बोलताय."

"हो. वीस घरं आहेत. त्यांना आपण काय देणार?"

साहेबांनी समोरचे कागद सारखे केले. "हे बघा, आकडे खोटे आहेत का?"

"नाहीत."

"पद्धत चुकीची आहे का?"

यालाही तिला नाही म्हणावं लागलं. तिचा जीव तिथेच अडकला होता. ती खोटं बोलली नव्हती. ज्या उन्हाने फुलं जाळली ते ऊन कमी व्हायचं तर खाचरं अशीच सुकवायला हवी होती, इथली आणि जगभरातली. पण ज्यांनी सगळ्यांसाठी म्हणून ते केलं, त्यांच्याच घरातली कणगी रिकामी राहिली, आणि ज्याने काही केलं नाही त्याच्याकडून तांदूळ आला. हे कुठल्या रकान्यात लिहायचं? तिने स्वतःच्या हाताने चार पानं लिहिली, त्यात वीस घरांची हकीकत घातली आणि अहवालाला जोडली. अहवाल छापून आला तेव्हा ती पानं नव्हती. तळटीप होती, दीड ओळीची. पुढच्या महिन्यात तिने बाहेरच्या कामातून बदली मागून घेतली आणि बाटल्या धुण्याच्या विभागात गेली.

मावशी गाव सोडून निघाल्याचं तिला वहिनीकडून कळलं. ती सुट्टी टाकून धावली. मावशीच्या घरात दोन गाठोडी बांधून ठेवलेली होती. दूरच्या शहरात तिची भाची राहायची. चौथ्या मजल्यावर, दोन खोल्यांत.

"मावशी, एवढं वर्ष काढा. आम्ही आहोत ना. दादा आहे."

"दादाचं त्यालाच पुरेना ग. आणि मागून खायची सवय नाही मला." मावशीने गाठोड्याची गाठ पुन्हा सोडून पुन्हा बांधली. "तिथे बसून काय करायचं तेवढंच कळत नाही. खिडकीतून खाली बघायचं म्हणे."

पेटीताई तिच्या पायाशी बसली. बरेच दिवस मनात धरलेलं वाक्य तिला बोलायचं होतं. "मावशी, मी तुम्हाला..." एवढंच निघालं.

मावशीने तिच्या डोक्यावर हात ठेवला. "ते तू मोजत होतीस ते कमी झालं ना पण?"

"हो. निम्म्याहून कमी."

"खरंच?"

"खरंच, मावशी."

"मग झालं. कुणाच्या तरी कामी येईल," मावशी म्हणाली. तिच्या आवाजात टोमणा नव्हता. असता तर पेटीताईला रडता तरी आलं असतं.

पुढच्या लावणीला ती नुसती बहीण म्हणून घरी गेली. दादाने आधीच निरोप दिला होता, "यंदा पेटी नको आणूस." सगळ्या घरांनी नळ्या उपटून दादाच्या गोठ्यामागे आणून टाकल्या होत्या, वीसच्या वीस. खाचर काठोकाठ भरलेलं होतं. मावशीच्या खाचरांत गुडघाभर गवत वाढलं होतं आणि त्याकडे कुणीच बघत नव्हतं.

ती साडी खोचून पाण्यात उतरली. वाकून रोपं लावत दोघं शेजारी शेजारी मागे सरकत होती. हात अजून सवयीचा होता.

"खरं सांग," दादाने मान वर न करता विचारलं, "हे असं भरून ठेवणं चूकच ना?"

"हो."

"आणि नाही भरलं तर?"

तिने हातातलं रोप चिखलात खोचलं. त्याने रोपांची पुढची जुडी सोडून अर्धी तिच्या हातात दिली. चिखलात त्यांचं पाऊल पडलं की तळातून बारीक बुडबुडे वर येत होते, क्षणभर पाण्यावर टिकत होते आणि फुटत होते. दादाने ते पाहिले. तिने ते पाहिले. मग दोघांनी पाऊल मागे घेतलं आणि पुढची ओळ लावायला घेतली.