चौपाटीवरची दाक्षायणी

"भूत बाईचंच पाहिजे," कुंभारीकर वकील म्हणाले आणि अडकित्त्यात सुपारी धरून थांबले. जणू समोरच्या पक्षाचा वकील आता उठून हरकत घेणार होता.

ओटीवर बसलेल्या मंडळींपैकी कुणीही हरकत घेतली नाही. पुरुषाचं भूत कंत्राटदाराशी बोलणी करून बसेल, अशी एक भीती होतीच.

सोलापूरला समुद्र नाही. पण कापडाचे नमुने घेऊन मुंबईला जाऊन आलेल्या कुणा कारकुनाने परतल्यावर तळ्याच्या बांधाला 'चौपाटी' म्हटलं, आणि ज्यांना मुंबईला जाता येणार नव्हतं त्यांनी तो शब्द आनंदाने उचलला. रुंद बांध, दोन्ही अंगांना कडुलिंबाची झाडं, पाण्यात उतरणाऱ्या दगडी पायऱ्या. संध्याकाळी गिरणीचे कारकून, मास्तर, पेन्शनर, साळ्या-कोष्ट्यांच्या बायका, सगळे तिथे फिरत. सोलापुरात फुकट मिळणारा गारवा तेवढाच होता. तोच तळ्याच्या पंचांनी हिंदुराव कंत्राटदाराला भाडेपट्ट्याने द्यायचं ठरवलं होतं. बांधावर दुकानांची ओळ, सोडावॉटरचा कारखाना, बायस्कोपचा तंबू, आणि पायऱ्यांवर सिमेंट ओतून होड्यांचा धक्का. फिरायला येणाऱ्यांना तिकीट.

मंडळींनी विरोधाचा अर्ज केला. मुख्य पंच आबासाहेबांनी अर्ज प्रेमाने वाचला, सर्वांना चहा पाजला आणि पट्टा तयार करायला सांगितला. तेव्हा वकिलांना आठवलं की अकलूजकडचा हा हिंदुराव तालमीतला गडी असला तरी अमावास्येला पिंपळाखालून जात नाही.

"पण भुताला नावगाव लागतं," वकील पुढे म्हणाले. "बेवारशी भुतावर कोण विश्वास ठेवणार?" आणि त्यांनी कोपऱ्यात बसलेल्या विरुपाक्षकडे पाहिलं.

मग सगळ्यांनीच पाहिलं.

विरुपाक्ष गिरणीच्या कापडखात्यात कारकून होता. सभेला यायचा तो सतरंजीची घडी नीट घालायला कुणीतरी हवं म्हणून, अशी त्याची स्वतःचीच समजूत होती. बारा वर्षांपूर्वी त्याची एकुलती एक मुलगी दाक्षायणी पंचमीला अक्कलकोटहून माहेरी आली होती. सासरी परत जायच्या दिवशी सकाळी ती तळ्यावर पाण्याला गेली, आणि दुपारी तिला बाहेर काढलं.

"साहेब, आमच्यात भूत नसतं," विरुपाक्ष म्हणाला. "लिंगायताचं मानूस गेलं की शिवात मिळतं. हातात लिंग देऊन, बसवून माती देतो आमी. मागं काय उरतच न्हाय."

"अहो, उरतं असं आम्ही कुठं म्हणतो? फक्त चार दिवस बोलायचं. पट्टा रद्द झाला की विषय संपला."

विरुपाक्ष उठून निघाला असता. पण त्याला त्या पायऱ्या आठवल्या आणि सिमेंट आठवलं.

रोज संध्याकाळी तो चौपाटीवर जाई ते हवा खायला, असं लोक समजत. तो त्या पायऱ्यांपाशी उभा राही. दाक्षायणीची घागर त्या दिवशी वरच्या पायरीवर मिळाली होती. भरलेली, सरळ उभी, एक थेंब न सांडलेली. पोरीचा पाय घसरला, असं त्याने पोलिसाला सांगितलं, व्याह्यांना सांगितलं, बायकोला, गंगम्माला सांगितलं. पण पाय घसरला तर घागर सरळ कशी राहील? कदाचित घागर ठेवून ती पाय धुवायला उतरली असेल. खालच्या पायरीवर शेवाळ होतं. विरुपाक्ष रोज ते शेवाळ पाही. ते हिरवं आणि निसरडं असलं की त्याला बरं वाटे. उन्हाळ्यात पाणी खाली जाऊन पायऱ्या कोरड्या पडल्या की त्याला झोप लागत नसे.

"नाव घ्या," तो म्हणाला. "पन उडी म्हनू नका. पाय घसरला म्हना."

"पाय घसरलेल्याचं भूत होत नाही हो," एक मास्तर हळूच म्हणाले. वकिलांनी त्यांना डोळ्यांनी गप्प केलं.

काम सारजाबाईवर सोपवलं. ती चौपाटीच्या तोंडाशी मोगऱ्याचे गजरे विकायची आणि गजऱ्याबरोबर बातमी फुकट द्यायची. हिरव्या लुगड्यातली ओली बाई पायऱ्यांवर बसते, केस पिळते, एवढंच तिला सांगितलं होतं. आठवड्यात त्या बाईचे पाय उलटे झाले, ती गजरा मागू लागली, आणि ती घसरली नव्हती, तिने उडी घेतली होती, हेही गावाला कळलं. सारजाबाईचं स्वतःचं मत इतकं पक्कं झालं की ती दिवे लागायच्या आत टोपली उचलून घरी जाऊ लागली.

हिंदुराव मापाची टेप घेऊन आला तेव्हा त्याचे गवंडी पायऱ्यांच्या अलीकडेच बसून राहिले.

"मानसाशी कुस्ती खेळंन मी," तो आबासाहेबांना म्हणाला. "बाईमानसाशी न्हाय. आन मेलेल्या तर न्हायच न्हाय. तुमचा पट्टा तुमाला लखलाभ!"

पट्टा रद्द झाला. वकिलांच्या ओटीवर पेढे वाटले गेले आणि जनमताच्या विजयाबद्दल भाषण झालं. जनमत त्या वेळी घरात कडी लावून बसलं होतं. कारण वाचवलेल्या चौपाटीवर आता दिवेलागणीला कुणीच फिरकत नव्हतं. खुद्द वकिलांना त्यांच्या बायकोने बजावलं होतं, "फिरायचं तर स्टेशनरोडने फिरा. पुन्हा तळ्याकडे गेलात तर मी माहेरी जाईन." वकील धूळ खात स्टेशनरोडने फिरत होते.

विरुपाक्ष मात्र जात होता. अडचण फक्त एवढीच झाली की एका संध्याकाळी तो जोडा घालत असताना गंगम्मा दारात येऊन उभी राहिली. ती दाक्षायणीनंतर एकदाही तळ्याकडे गेली नव्हती. नळ येईपर्यंत पाणीही लांबच्या आडाचं आणायची.

"अवो," ती म्हणाली, "सारजाबाई म्हनती ते खरं हाय?"

"काय म्हनती?"

"आपली दाक्षा दिसती म्हनं पायरीवर."

विरुपाक्षच्या हातातला जोडा हातातच राहिला. ती रडेल, वकिलांना शिव्या घालेल, मठातून जंगमस्वामींना बोलावून आणेल, असं त्याला वाटलं होतं. त्यासाठी त्याने उत्तरंही जमवून ठेवली होती.

"तुमी रोज जाताय तिकडं," गंगम्मा म्हणाली. "पाऊस असू दे, ताप असू दे. मला वाटायचं, काय हाय त्या पान्यात येवढं? बारा वर्सं एकटेच भेटताय तिला. आन मला सांगितलं न्हाय."

तिच्या आवाजात राग नव्हता. सणाला सगळ्यांना बोलावून एकाच घराला विसरावं, तेव्हा त्या घरातली बाई जशी बोलते तशी ती बोलत होती.

हे सगळं खोटं आहे, वकिलांच्या ओटीवर सुपारी कातरता कातरता ठरलेलं आहे, असं सांगायला एक वाक्य पुरलं असतं. विरुपाक्षने ते तोंडात जुळवलं. मग त्याने गंगम्माकडे पाहिलं. ती ठेवणीतलं इरकल लुगडं नेसली होती आणि तिने कपाळाला ताजी विभूती लावली होती.

"चल," तो म्हणाला.

बांधावर सुकलेली लिंबाची पानं कुणी न तुडवलेली पडली होती. दोघं वरच्या पायरीवर बसली. गंगम्माने पाण्याकडे पाहून कानडीत हाक मारली, "बारव्वा, दाक्षा. ये बाळा." पाणी काळं होत गेलं. पलीकडे गिरणीचा भोंगा झाला.

"दिसती का तुमाला?" तिने विचारलं.

विरुपाक्षने खालच्या पायरीकडे पाहिलं.

"व्हय," तो म्हणाला.

"मला कशी न्हाय दिसत मग?"

"तू आजच आलीस. सवय लागती."

"कशी हाय?"

"बरी हाय. केस वाळवती."

दुसऱ्या दिवशी गंगम्मा त्याच्या आधी तयार होती. मग हे रोजचंच झालं. ती विचारी, तो सांगे. आज हातात बांगड्या आहेत. आज गप्प आहे. आज तुझ्याकडे बघून हसली. गिरणीत तागे मोजता मोजता संध्याकाळी काय सांगायचं याचा तो विचार करू लागला, आणि हळूहळू विचार करावा लागेनासा झाला. पायरीवर बसलं की आपोआप सुचे. कधीकधी तर सांगून झाल्यावर त्याच्या लक्षात येई की आपण हे जुळवलं नव्हतं. तेव्हा तो पाण्याकडे न पाहता समोरच्या गिरणीच्या धुराड्याकडे पाहत बसे.

एकदा गंगम्माने विचारलं, "तिला इचारा, पाय घसरला व्हता का?"

तिनेही घागर पाहिली होती तर. बारा वर्षं त्या घागरीबद्दल दोघं एकमेकांशी एक शब्द बोलली नव्हती.

विरुपाक्ष पाण्याकडे वळला. त्याने खरोखरच विचारलं, मनातल्या मनात. मग थांबला. उत्तर यायला जेवढा वेळ लागावा तेवढा तो थांबला.

"घसरला म्हनती," तो म्हणाला. "पाय धुवायला उतरली व्हती."

गंगम्माने पदराने तोंड पुसलं. त्या रात्री तिने दोन भाकरी खाल्ल्या, आणि विरुपाक्षलाही झोप लागली.

माघात वकिलांनी पुन्हा सभा बोलावली. विषय एकच होता: भूत काढणे.

"स्टेशनरोडच्या धुळीनं दमा व्हायची वेळ आली," वकील म्हणाले. "आपलं काम झालं. आता रीतसर शांत करून टाकू. नारळ, लिंबू, दहीभात. लोकांनी डोळ्यांनी पाहिलं म्हणजे झालं. विरुपाक्षप्पा, तुम्ही बाप. संकल्प तुमच्या हातून."

"शांत नको," विरुपाक्ष म्हणाला.

"का बरं?"

"नको साहेब."

"अहो, तुम्हीच इथं बसून सांगितलंत, तुमच्यात भूत नसतं म्हणून."

"नसतं."

"मग शांत केली काय, न केली काय!"

"ती हाय साहेब तितं," विरुपाक्ष म्हणाला. "तिला घालवू नका."

मास्तर चष्मा पुसू लागले. ज्यांनी मिळून भूत तयार केलं होतं त्यांच्यापैकी दोघांनी नकळत मागे दाराकडे पाहिलं. आयुष्यात प्रथमच वकिलांच्याच साक्षीदाराने त्यांची बाजू त्यांच्यापेक्षा जास्त मानली होती.

पण वकिलांना दम्याची धास्तीही होती आणि बायकोही होती. ठराव बहुमताने पास झाला. जंगमस्वामींनी असल्या कामाला यायला साफ नकार दिला, म्हणून दुसऱ्या पेठेतून भटजी आणले. सोमवारी सकाळी अर्धं गाव बांधावर जमलं. नारळ फुटला, लिंबं कापली, दहीभाताचा गोळा पाण्यात सोडला. विरुपाक्ष त्या वेळी गिरणीत तागे मोजत होता. त्याची मोजणी तीनदा चुकली. संध्याकाळी गंगम्मा दिसती का म्हणून विचारील, तेव्हा काय सांगायचं, हे त्याला दिवसभरात सुचलं नाही.

घरी आला तेव्हा ती इरकल नेसून बसली होती. दोघं निघाली.

चौपाटी भरली होती. इतक्या महिन्यांचं फिरणं लोक एका संध्याकाळी वसूल करत होते. पोरी हातात हात घालून चालल्या होत्या, पेन्शनर खोकत होते, कुणी फुटाणे विकत होता. सारजाबाई टोपली घेऊन जुन्या जागी बसली होती. तिने लांबूनच हाक मारली, "गंगव्वा, बरं झालं बाई! वकिलांनी सोडवली बघ तुझ्या पोरीला!"

गंगम्मा थांबली.

"बांधली कुनी व्हती तिला?" तिने विचारलं आणि पुढे चालू लागली.

पायऱ्यांवर दाटी होती. वरच्या पायरीवर जेमतेम तिघांपुरती जागा होती. गंगम्मा बसली. मग तिने अंगावरची शाल काढली, तिची घडी घातली आणि स्वतःच्या शेजारी दगडावर ठेवली. दगड गार होता. शालीच्या पलीकडे विरुपाक्ष बसला. त्या संध्याकाळी तिने काही विचारलं नाही.

थोड्या वेळाने कुंभारीकर वकील सपत्नीक आले. चालून दमले होते, पण चेहऱ्यावर खटला जिंकल्याचं समाधान होतं.

"वा, विरुपाक्षप्पा!" ते म्हणाले. "पाहिलीत गर्दी? आता जरा ती शाल उचला. आमच्या मंडळींना टेकू द्या दोन मिनिटं."

विरुपाक्ष गिरणीत साहेबासमोर उभा राही, पंचांसमोर उभा राही, आणि वकिलांसमोर तर बसल्या जागीही उभा असे. तो सवयीने अर्धा उठला. मग पुन्हा खाली बसला.

"न्हाय साहेब," तो म्हणाला. "तितं बसलंय."

वकिलांनी शालीकडे पाहिलं. त्यांच्या बायकोने त्यांच्या कोटाची बाही घट्ट धरली. वकील हसू पाहत होते, ते जमलं नाही. दोघं पुढे गेली.

मागून येणाऱ्यांनी हे पाहिलं असावं. माणसं येत राहिली, बोलत, हसत, फुटाणे खात, आणि त्या पायरीपाशी आली की जरा वळसा घालून पुढे जात राहिली.