मोकळं व्हायची सोय

आमच्या घरात माणसं पाच आणि संडास एक. हे गणित कुणालाही सुटलं असतं, पण त्या पाचातले एक माझे सासरे आहेत. ते आत जाताना वर्तमानपत्र नेतात, चष्मा नेतात, रेडिओ नेतात, आणि हिवाळ्यात शालही नेतात. बाहेरून वाटतं माणूस गावाला निघालाय.

मी बस चालवते. सकाळची पहिली फेरी माझी. म्हणजे सगळं शहर झोपलेलं असताना मला तयार होऊन डेपोत हजर राहावं लागतं, आणि नेमक्या त्याच वेळी सासऱ्यांचा रेडिओ आतून हवामानाचा अंदाज सांगत असतो. बाहेर मी, माझ्यामागे सासूबाई, त्यांच्यामागे नणंद, आणि शेवटी रात्रपाळीहून आलेला माझा नवरा. त्याला रांगेत उभ्या उभ्या झोपायची कला साधली आहे. रांग पुढे सरकली की झोपेतच एक पाऊल टाकतो.

"बाबा, माझी बस!" मी दार वाजवायचे.

"बस कुठं पळून जातेय? तूच चालवतेस ना ती?" आतून उत्तर.

सासऱ्यांचं हे तर्कशास्त्र डेपोच्या साहेबांना पटलं नाही. त्यांनी मला केबिनमध्ये बोलावून सांगितलं, "आता एकदा जरी उशीर झाला ना, तर हातातलं स्टिअरिंग काढून घेईन आणि पाण्याचा पाइप देईन. बस धुवायच्या. आयुष्यभर." साहेब धमकीचे नाहीत, बदलीचे आहेत. माझ्या आधीचा ड्रायव्हर पाइप धरून उभा असलेला मी रोज बघत होते.

तेव्हा घरी आल्या आल्या मी चप्पलसुद्धा न काढता जाहीर केलं, की मागच्या अंगणात दुसरा संडास होणार, नाहीतर मी डेपोत राहायला जाणार. सासूबाई म्हणाल्या, "मीही येते."

गवंडी बोलावला. त्याला सगळे 'ओळंबा' म्हणतात, कारण भिंत सरळ आहे का हे तो दोरीला वजन न लावता नुसत्या डोळ्यांनी सांगतो, आणि तो स्वतः डावीकडे झुकलेला आहे. त्याने बांधलेल्या सगळ्या भिंतीही डावीकडे झुकलेल्या आहेत, त्यामुळे त्याला त्या सरळच दिसतात.

ओळंब्याने खड्डा खणायला घेतला आणि दुपारी ओरडतच स्वयंपाकघराच्या दारात आला. "ताई, लॉटरी! खड्डा आयता बांधलेला निघाला!"

आम्ही धावलो. खरंच, जमिनीत एक पेटीच होती. तीन बाजूंना उभे दगडी चिरे, चौथ्या बाजूला एक मोठी काळी फरशी, आणि आत मातीची चार मडकी. सासूबाईंनी मडकी लगेच घासून कांदे ठेवायला घेतली. पण खरी गंमत त्या चौथ्या फरशीत होती. तिच्या बरोबर मधोमध एक गोल भोक. भोकाभोवती एकात एक कोरलेली वर्तुळं. आणि भोकाच्या दोन्ही बाजूंना, अगदी हवी तिथं, एकेक पाऊल कोरलेलं. एक डावं. एक उजवं.

ओळंब्याने टोपी काढली.

"जुनी लोकं," तो हळू आवाजात म्हणाला, "आपल्यापेक्षा हुशार. पाय कुठं ठेवायचे तेसुद्धा लिहून ठेवलंय."

"आणि ही वर्तुळं?" नणंदेने विचारलं.

"नेम धरायला."

सासऱ्यांनी चपला काढून पावलांवर पावलं ठेवून पाहिली. तंतोतंत बसली. "मापाची आहे," ते म्हणाले, आणि त्यांच्या डोळ्यांत जे समाधान दिसलं ते माझ्या लग्नातही दिसलं नव्हतं. ओळंब्याने फरशी आडवी केली, पेटीवर बसवली, सिमेंटने चारी कडा भरल्या, चार बांबू रोवले, जुना पडदा बांधला. झालं.

दुसऱ्या दिवशी सासरे रेडिओसकट अंगणात, आणि मी आत. मी डेपोत इतकी लवकर पोहोचले, की साहेबांनी आधी माझ्याकडे पाहिलं, मग घड्याळाकडे, आणि मग घड्याळ कानाला लावलं.

इथं गोष्ट संपायला हवी होती. पण आमच्या नणंदेला सगळे 'बातमी' म्हणतात ते उगाच नाही. तिने त्या फरशीचा फोटो काढला, खाली लिहिलं 'आमच्याकडची डिझायनर सोय', वर घरचा पत्ता आणि नंबरही, आणि दिला टाकून मोबाइलवर. संध्याकाळपर्यंत घरचा फोन वाजला. सासऱ्यांनी तो स्पीकरवर घेतला, कारण कुठलाही फोन ते स्पीकरवरच घेतात.

पलीकडून एक बाई धापा टाकत बोलत होत्या. पुरातत्त्व खात्यातून. "तो फोटोतला दगड... तुमच्याकडे आहे? खरंच आहे? भोक आहे त्याला?"

"आहे की. चांगलं ऐसपैस आहे."

"आणि पावलं?"

"दोन्ही."

बाईंच्या आवाजात पाणी आलं. "अहो, वीस वर्षं मी ओरडून सांगतेय, की या दगडातलं भोक म्हणजे मोकळं व्हायची सोय आहे! कुणी ऐकायला तयार नाही. सगळे हसतात मला. म्हणतात, पुरावा काय?"

"हसतात?" सासरे चिडले. "अहो बाई, पुरावा मी देतो. कालपासून या घरातले पाचही जण तिथं मोकळे झालेत."

पलीकडून अगदी हळू, "पाच? एकाच ठिकाणी?"

"एकापाठोपाठ एक."

"एकाच कुटुंबातले?"

"मग? बाहेरच्यांना कोण येऊ देणार?"

"आणि... त्यांच्यात म्हातारं माणूस कोणी?"

"मीच की."

फोन कट झाला. आम्हाला वाटलं रेंज गेली. बाईंना वाटलं, सासरे पूर्वजांबद्दल इतक्या प्रेमाने बोलतायत की स्वतःलाच त्यांच्यातला एक समजतायत. त्यांनी पाच जणांची सामाईक समाधी सापडली असं समजून रात्रीतच गाडी काढली.

सकाळी माझी सुट्टी होती, म्हणून दार मीच उघडलं. खिसेच खिसे असलेल्या जाकिटात एक बाई, हातात ब्रश, केस उभे.

"कुठाय?" त्या म्हणाल्या आणि घरातून सरळ अंगणात. मी मागे धावले.

"थांबा, थांबा! पडदा उघडू नका! आई गेल्यात!"

बाई जागीच थिजल्या. "तुमच्या आई?"

"सासूबाई."

"अरेरे." त्यांनी ब्रश खाली घेतला. "कधी गेल्या?"

"आत्ताच. पाच मिनिटं झाली असतील."

"आणि तुम्ही अशा शांत?"

"त्यांना वेळ लागतो."

बाई माझ्याकडे बघत राहिल्या. मग त्यांनी माझा हात हातात घेतला, मान खाली घातली. "त्यांना त्रास नाही ना झाला फार?"

"होतो कधी कधी. काल जरा कोरडं खाल्लं होतं."

एवढ्यात पडदा सरकला आणि सासूबाई रिकामी बादली घेऊन बाहेर आल्या. बाईंनी जी किंकाळी फोडली, तिने माझा नवरा दहा महिन्यांत पहिल्यांदा पूर्ण जागा झाला.

पुढचं सांगायला नको. बाईंनी पडद्याआड पाहिलं, आणि त्या अंगणातच मटकन बसल्या. मग तोंडातून शब्द फुटायला लागले ते थांबेनात. ती पेटी म्हणजे हजारो वर्षांपूर्वीची कबर होती. हाडं मातीत केव्हाच विरघळून गेलेली. ती फरशी म्हणजे कबरीचं दार. भोक ठेवलं होतं ते आत्म्याला बाहेर पडायला, आत्मा मोकळा व्हायला.

"तेच तर आम्ही म्हणतोय," सासरे म्हणाले.

"आत्मा, आजोबा! आत्मा!"

"बरं, मग पावलं कशाला? आत्म्याला पाय असतात?"

बाईंनी स्वयंपाकघरातून चारही मडकी आणवली. कांद्यांसकट. अंगणाला पिवळी पट्टी बांधली, आणि जाहीर केलं की आता या रेषेच्या आत कुणी पाऊल टाकायचं नाही. ओळंबा मजुरी मागायला आला होता, तो पट्टी बघून डावीकडच्या डावीकडेच सटकला.

बाई एकट्याच आल्या होत्या, मदतीची माणसं दोन दिवसांनी यायची होती. दगड सोडून जायला त्या तयार नव्हत्या. आमच्याच बैठकीच्या खोलीत, अंगणाच्या खिडकीला नाक लावून त्यांनी मुक्काम ठोकला. म्हणजे माणसं आता सहा, आणि संडास पुन्हा एक.

रात्री जेवताना मी त्यांना माझी गोष्ट सांगितली. साहेब, पाइप, पहिली फेरी, सगळं.

"कळतं मला," त्या म्हणाल्या. "पण हजारो वर्षांचा ठेवा आहे. एका माणसाच्या गैरसोयीसाठी..."

"आमचे सासरे बघितले नाहीत तुम्ही अजून," मी म्हटलं.

पहाटे उठले तर रेडिओ लागलेला. आतून. बाबा माझ्याही आधी उठले होते, दोन दिवस अंगणात मन लागत नव्हतं म्हणे. मी दार बडवलं. "बाबा, आज उशीर झाला तर माझी नोकरी गेली!"

"आत्ताच बसलोय ग. अग्रलेख राहिलाय."

मी तडक अंगणात गेले. मनाशी ठरवलंच होतं, पट्टी ओलांडायची. पुढं काय व्हायचं ते होऊ दे. पण पट्टीपाशी आधीच कुणीतरी उभं होतं. खिशांचं जाकीट. एका पायावरून दुसऱ्या पायावर.

"तुम्ही पण?" मी म्हटलं.

"तुमच्या सासूबाईंनी रात्री तिसऱ्यांदा वाढलं," बाई दात आवळून म्हणाल्या. "नाही म्हणायची सोय होती का?"

"दार बडवा."

"तीनदा बडवलं. म्हणाले, आता खेळाचं पान."

आम्ही दोघी त्या पडद्याकडे बघत राहिलो. मी काही बोलले नाही. खरं सांगते, एक शब्द बोलले नाही. फक्त बाजूची बादली भरून त्यांच्या हाताशी ठेवली.

"मागं वळून उभ्या राहा," बाई म्हणाल्या, आणि वीस वर्षांची विद्वत्ता पिवळ्या पट्टीखालून वाकून पलीकडे गेली.

बाहेर आल्या तेव्हा चेहरा लाल होता, पण खांदे हलके. मग माझी पाळी. मी आले तेव्हा त्या खाली बघत पुटपुटत होत्या, "अंतर... कोन... विचित्र आहे. फारच बरोबर बसतात पाय." मग एकदम भानावर येऊन माझा दंड धरला. "हे कुठंही बोलायचं नाही."

"काळ्या दगडावरची रेघ," मी म्हटलं.

"त्या दगडाचं तर नावच काढू नका!"

"पण एका अटीवर. गाडीची किल्ली द्या. माझी बस चुकतेय."

खात्याची जीप मी चालवली. बाई शेजारी. आणि नाइलाज आहे हो, हात आणि पाय सवयीचे गुलाम, प्रत्येक स्टॉपला माझा पाय आपोआप ब्रेकवर. दोन जण चढलेसुद्धा. एका आजींनी बाईंकडे सुट्टे पैसे दिले आणि तिकीट मागितलं. बाई तोवर फोनवर होत्या.

"हो, साइटवरूनच बोलतेय. आजच्या आज सोय पाठवा. दार-कडीवाली. मोकळं व्हायची सोय हो!... नाही, नाही, ती मिळाली, ती सापडली! ही वेगळी!... अहो, आत्म्याची नाही, माझी!"

डेपोच्या फाटकात साहेब उभे होते, हातात पाइप गुंडाळून तयार. मी जीप करकचून थांबवली, उडी मारली, आणि फाटकातून आत पाऊल टाकलं तेव्हाच पहिल्या फेरीचा भोंगा झाला. साहेबांनी पाइप पाठीमागे लपवला. जीपमधून उतरलेल्या आजी त्यांना म्हणाल्या, "गाडी छान चालवते हो पोरगी, पण तुमच्या कंडक्टरबाई तिकीट देत नाहीत."

संध्याकाळी घरी आले तर अंगणाच्या कोपऱ्यात निळी प्लास्टिकची केबिन उभी. आतून कडी, वर झरोका, बाहेर खात्याचा शिक्का. खोदकाम चालू असेपर्यंत तिचा वापर घरच्यांनाही खुला, असं बाईंनी सगळ्यांसमोर सांगितलं, माझी नजर टाळून. दगड कापसात गुंडाळून गेला. मी रोज वेळेत डेपोत.

फक्त एकच अडचण होती. मागच्या आठवड्यात बाई म्हणाल्या, अंगणात आणखी काही दिसत नाही, काम आवरतं घ्यावं म्हणते. केबिनही परत जाईल.

पण आज पहाटे मी केबिनमधून बाहेर आले, तर स्वयंपाकघरातून ठकठक आवाज. बघते तर सासरे काठीने ओट्याखालची फरशी ठोकत होते, कान जमिनीला लावून, आणि खिडकीतून अंगणात ओरडत होते:

"ओ बाई! या, या लवकर! इथं पोकळ वाजतंय!"