कापशाच्या कपाळाचं कुंकू

श्यामरावने सशाचा खोका उचलून दोन क्वार्टरांमधल्या बुटक्या भिंतीवर ठेवला आणि अलीकडे सरकवला.

"देवरावभाऊ, यालेही घेऊन जा परदर्शनात. भट्टीत काहीतरी बिघडलं, मले डूटीवर बलावून राहिले."

"द्या नं. त्यात काय?" देवराव म्हणाला. तोंडावर हसू होतं, पण पोटात कालपासून जी आग पेटली होती, ती काही विझली नव्हती.

काल दुपारी त्याने याच भिंतीवरून पाहिलं होतं. श्यामरावची बायको सत्यशीला याच सशाला, त्यांच्या स्पुटनिकला, अंगाच्या साबणाने आंघोळ घालत होती. मग तिने त्याला उन्हात वाळवलं, तर काय झळकत होता लेकाचा! टाउनशिपमध्ये पोलादाच्या भट्ट्यांची लाल धूळ उडते, धुतलेलं धोतरही दोरीवर पांढरं राहत नाही, आणि हा ससा मात्र नुसता बर्फ. देवराव घरात आला तर त्याची बायको अंजनाबाई मांडीवर आपल्या सशाला, कापशाला घेऊन आपल्या जुन्या लाकडी फणीने त्याचे केस विंचरत बसलेली. रोजचंच होतं ते.

"उवा काढून राहिली का त्याच्या?" देवराव खेकसला होता.

फणीत अडकलेली लोकर काढून तिने बाजूला ठेवली आणि पुन्हा विंचरायला लागली.

खरं तर दोन्ही ससे एकाच पोटचे. एक रशियन इंजिनियर मायदेशी परत निघाला, तेव्हा त्याच्या बायकोने आपल्या लांब केसांच्या सशीची पिल्लं गल्लीत वाटली. एक श्यामरावने उचललं, एक देवरावने. श्यामरावने हौसेने दोघांसाठी सारखे खोके ठोकले, प्लांटमधल्या रंगाने त्यांवर दोघांची नावं घातली. तिथवर सगळं गोडीत होतं. पण फुलांच्या प्रदर्शनात सशांनाही बक्षीस ठेवलं आणि गेल्या दोन्ही वर्षी कप शेजारी गेला. पहिल्या आलेल्या सशाला मोठ्या साहेबांची बायको कुंकू लावायची, पोळ्याला बैलाला लावतात तसं. ते कुंकू सत्यशीला आठवडाभर पुसू द्यायची नाही. आल्यागेल्याला दाखवायची. देवराव ते बघायचा आणि त्याला जेवण गोड लागायचं नाही.

सायकलच्या कॅरियरवर दोन्ही खोके बांधून तो निघाला. मैदानाच्या अलीकडे आंब्याचं झाड होतं, तिथे थांबला. इकडेतिकडे पाहिलं. स्पुटनिकला काढलं, कापशाला काढलं. स्पुटनिक "देवराव" लिहिलेल्या खोक्यात गेला आणि कापशा "श्यामराव" लिहिलेल्या. सारखेच तर दिसतात, कोणाला कळणार आहे? एकदा, फक्त एकदा आपलं नाव पुकारलं जावं. झालं.

मंडपात दुर्गहून आलेल्या ढोरांच्या डॉक्टरने एकेक ससा टेबलावर घेतला. स्पुटनिक आला तेव्हा त्याने वरून हात फिरवला, मान डोलावली. देवरावची छाती फुगली. मग डॉक्टरने केसांत जोरात फुंकर मारली, बोटांनी आत चाचपलं आणि कपाळाला आठी घातली.

"साबण लावला का याला? वरून चमकतो, आत पाहा. सगळ्या गाठी झाल्या."

मग कापशा आला. फुंकर मारल्याबरोबर लोकर फुलासारखी उघडली, पार गुलाबी कातडीपर्यंत.

"वा! ही रोजच्या फणीची करामत आहे. एका दिवसात होत नाही हे." डॉक्टरने खोक्यावरचं नाव मोठ्याने वाचलं. "श्यामराव. पहिला नंबर!"

साहेबांची बायको पुढे आली आणि तिने कापशाच्या कपाळावर ठसठशीत कुंकू टेकवलं. लोकांनी टाळ्या वाजवल्या. देवरावनेही वाजवल्या, दुसरं काय करणार?

परतताना त्याच आंब्याखाली त्याने ससे आपापल्या खोक्यात घातले. रुमाल ओला करून कापशाचं कपाळ पुसलं, पुन्हा पुसलं. कुंकू लोकरीत आणखीच पसरलं.

कप आणि स्पुटनिक सत्यशीलाच्या हवाली करून तो घरी आला. अंजनाबाई दारातच उभी होती.

"काय झालं?"

"दुसरा."

"अन् पयला?"

"त्यायचाच. दरवर्षीवानी."

तिने खोका उघडून कापशाला न पाहताच छातीशी घेतलं. "मी तं रोज विंचरलं होतं," ती हळूच म्हणाली. "कावून कमी पडला असन?"

देवराव चपला काढायच्या निमित्ताने खाली वाकला आणि वाकलेलाच राहिला. तेवढ्यात भिंतीपलीकडून सत्यशीलाचा आवाज आला.

"अवो अंजनाबाई! यंदा कुंकू नाही लावलं का जी? आमच्या स्पुटनिकच्या कपाळावर टिपकाही नाही!"

अंजनाबाईचा हात कापशाच्या डोक्यावरून फिरत होता, तो थांबला. तिने बोटं उलटी करून पाहिली; टोकांना कुंकू लागलं होतं. मग नवऱ्याच्या खिशातून डोकावणारं लाल झालेलं रुमालाचं टोक पाहिलं.

"लावलं असन, बाई," ती भिंतीकडे तोंड करून म्हणाली. "आमच्या यायच्या हातानं पुसलं गेलं."

कापशाच्या कपाळावर पदर ओढून ती आत गेली.