वरच्या मोरीचं अळू

घरी फिल्म धुणाऱ्या माणसाने किती काळजी घ्यावी, याचा माझ्याएवढा आदर्श नमुना अख्ख्या वारज्यात सापडला नसता. चार बाय सहाच्या बाथरूममध्ये मी नारिंगी हातमोजे, चष्मा आणि मास्क लावून उभी राहायचे. एक्झॉस्ट फॅन चालू, चहाचा कप बाहेर. फिल्म धुण्याच्या दोन औषधांपैकी डेव्हलपरची बाटली काळी, फिक्सरची पांढरी, दोन्हींवर ठळक नाव आणि तारीख. ढवळायचा चमचा चुकून स्वयंपाकघरात जाऊ नये म्हणून त्याला लाल दोरा बांधलेला. यवतमाळहून आई आली होती, तिने दारातूनच डोकावून पाहिलं आणि म्हणाली, "माय वं! अपेक्षा, फोटो धुतेस का बॉम्ब बनवतेस?"

हे सगळं मला शिकवलं बद्रीनाथकाकांनी. बुधवार पेठेत पहिल्या मजल्यावर त्यांचं फोटोच्या सामानाचं दुकान आहे. आठवडाभर ऑफिसात स्क्रीनकडे बघून डोळे विटले की मी शनिवारी तिथे जाऊन बसायचे. काका रोल देताना नियमही द्यायचे, आणि ते मात्र फुकट.

"पाण्यात औषध ओतायचं, औषधात पाणी नाही. कळलं नसेल तर आत्ता विचारा, भाजल्यावर विचारू नका. आणि वापरलेला फिक्सर मोरीत ओतायचा नाही. फिल्मवरची चांदी त्यात उतरलेली असते. कॅनमध्ये साठवा आणि मला आणून द्या, मी चांदी काढणाऱ्याकडे पाठवतो. आपण आणणार नाही हे मला माहीत आहे, तरी सांगतो."

मी इरेला पेटून दोनदा नेलाही. पण वारज्याहून पाच लिटरचा कॅन स्कूटरवर पायांत धरून न्यायचा, बुधवारात गाडी लावायला जागा शोधायची, तोवर अर्धा शनिवार संपलेला. तिसऱ्या वेळी मी कॅनकडे पाहिलं, मोरीकडे पाहिलं आणि म्हटलं, जाऊन जाऊन जाणार कुठे? गटारातून नदीत. आपल्या नदीचं आता आणखी काय वाईट व्हायचं राहिलंय? तेव्हापासून फिक्सर मोरीत. हातमोजे घालूनच ओतायचे, तेवढा नियम पाळत होते.

माझी घरमालकीण तुळजाबाई. वारजे गाव होतं तेव्हापासूनचं त्यांचं घराणं. शेतावर इमारती उभ्या राहिल्या, तरी बाईंचा हात मातीतून निघाला नव्हता. तिसऱ्या मजल्यावरची खोली मला देताना "पोरगी एकटी हाय" म्हणून त्यांनी नाक मुरडलं होतं, पण मार्चपासून त्यांचं माझ्यावर फार प्रेम बसलं. जिन्यात भेटल्या की म्हणायच्या, "तुझा पायगुण चांगला हाय बघ. तू आल्यापासून मागचं अळू निसतं माजलंय. सुपावानी पानं! सुनेच्या डोहाळजेवणाला राखून ठेवलंय, कुणाला एक पान तोडू देत न्हाई." माझ्या पायगुणाचं कौतुक आजवर कुणीच केलं नव्हतं, त्यामुळे मी खूश होते. आमची प्रमोशनं रखडली होती, निदान अळू तरी वाढतंय.

त्या सुनेचं, भाग्यश्रीचं आणि माझं चांगलं जमायचं. सातव्या महिन्यातलं डोहाळजेवण ठरलं तेव्हा तिने हट्टच धरला. "मोबाइलवर सगळेच काढतात गं. तू तुझ्या रोलवाल्या कॅमेऱ्यावर काढ, ब्लॅक अँड व्हाइट." डोहाळेही तिला एकाच गोष्टीचे लागले होते, अळूवडीचे.

रविवारी अंगणात चाळीसेक बायका जमल्या. भाग्यश्री हिरव्या साडीत, फुलांचे दागिने घालून झोपाळ्यावर बसली होती. ओटी भरून झाली, पानं मांडली गेली. माझा रोल संपला, म्हणून दुसरा भरायला सावली शोधत मी घराच्या मागे गेले. इतक्या महिन्यांत मी तिकडे कधी फिरकलेच नव्हते.

अळू खरंच सुपाएवढं होतं. आणि अळूच्या वाफ्यात एक पांढरा पाइप येऊन टेकला होता. मी मान वर करून त्याच्या मागे मागे नजर नेली. पहिला मजला, दुसरा मजला, तिसरा. माझी मोरी.

तुळजाबाई तेवढ्यात पत्रावळी न्यायला आल्या. "बघतीस काय? पाण्याची बोंब झाली तवा मार्चात मीच वळवून घेतला. मोरीचं पाणी अळूला लई मानवतं. वाया कशापायी घालवायचं?"

आणि बाई वळून गेल्याही. मार्चपासून त्या पाइपमधून माझं सगळं खाली आलं होतं. फिक्सरमध्ये अमोनियम असतं, म्हणजे ते निम्मं खतच, त्यामुळे अळू माजणारच होतं. पण त्याच्या जोडीला चांदी, डेव्हलपर आणि मी ज्याला हातमोज्याशिवाय शिवत नव्हते ते सगळंच.

अंगणापर्यंत वीस पावलं असतील. खोटं कशाला बोलू, त्यातल्या दहा पावलांत मी फक्त स्वतःचा विचार केला. बोलले तर खोली गेली, मान गेला, चाळीस बायकांसमोर तोंड काळं. नाही बोलले तर एखाददुसऱ्या वडीने काय होतंय? मग मला भाग्यश्री दिसली. तिने वडी उचलली होती आणि कुणीतरी तिच्या कौतुकाचं गाणं म्हणत होतं.

"भाग्यश्री, वडी खाली ठेव!"

मी एवढ्या जोरात ओरडले की गाणं थांबलं. मग मी सगळं सांगितलं, कॅनपासून पाइपपर्यंत. सासवडहून आलेली एक आत्या म्हणाली, "अगं बया, म्या तर दोन खाल्ल्या!"

भाग्यश्रीच्या डॉक्टरीणबाईंना फोन लावला. त्या म्हणाल्या, आत्याला दोन वड्यांनी बहुधा काही होणार नाही, त्रास वाटला तर लगेच घेऊन या, पण भाग्यश्रीच्या ताटात ते नकोच. मग मी बद्रीनाथकाकांनाही फोन केला. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, "मोरीत ओतायचा नाही, यातला कोणता शब्द आपल्याला अवघड गेला?"

आत्याला काहीच झालं नाही, उलट तिने जिलबी दोनदा मागून घेतली. पण परातभर वड्या खड्ड्यात गेल्या. संध्याकाळपर्यंत अळूचा वाफा उपटला गेला आणि प्लंबरने पाइप पुन्हा गटाराला जोडला. दिवेलागणीला तुळजाबाई तीन जिने चढून वर आल्या आणि थेट बाथरूमच्या दारात उभ्या राहिल्या.

हातमोजे, चष्मा, मास्क, बाटल्यांवरच्या तारखा, चमच्याचा लाल दोरा, कोपऱ्यात ओतायचा राहिलेला फिक्सरचा कॅन. त्यांनी एकेक नीट पाहिलं.

"एवढं समदं कशापायी?"

"सेफ्टीसाठी, मावशी."

"कुणाच्या?"

इतकी लाज मला आयुष्यात वाटली नव्हती. मी विचारलं, "खोली सोडू का?"

"ते मागनं सांगते. आधी हे पाणी कुठं द्यायचं असतं तिथं देऊन ये. मी बी येणार. तुझा भरवसा न्हाई."

शनिवारी आम्ही बुधवार पेठेत काकांकडे गेलो. मी स्कूटर चालवत होते आणि मागे तुळजाबाई माझे नारिंगी हातमोजे घालून कॅन मांडीवर धरून बसल्या होत्या. सिग्नलला लोक वळून बघत होते. काकांनी कॅन उचलला आणि विचारलं, "या कोण?"

"घरमालकीण."

"उत्तम. म्हणजे आता नियम पाळले जातील."

येताना तुळजाबाईंनी मंडईतून अळूच्या दोन जुड्या घेतल्या. घरी येऊन त्या माझ्यापुढे टाकल्या. "वड्या तू करायच्या. पोरीचे डोहाळे राहिलेत. आन् पहिली वडी तू खायची, माझ्यासमोर."

मी जन्मात अळूवडी केली नव्हती. पानांना पीठ लावलं, उंडा वळला, वाफवला, कापून तळला. भाग्यश्री ताट घेऊन समोर बसली. सासू-सून माझ्या तोंडाकडे बघत असताना मी पहिली वडी खाल्ली, आणि घास गिळताच घसा खवखवायला लागला. गप्प बसावं, पाणी प्यावं, हसून "मस्त झालीय" म्हणावं, असं मनात येऊन गेलं. खोलीचा निकाल अजून लागायचा होता.

"खवखवतंय," मी म्हटलं.

तुळजाबाईंनी सुनेच्या पुढचं ताट ओढून घेतलं. एक तुकडा स्वतः चाखला आणि तोंड वाकडं केलं. "चिंच कमी पडली. दुसऱ्या उंड्याला दुप्पट घाल."

दुसरा उंडा झाला. मी पुन्हा पहिली वडी खाल्ली आणि थोडी थांबले. घशात काही नाही. "ही बरी आहे," मी म्हटलं. भाग्यश्रीने सासूकडे पाहिलं.

"खा," तुळजाबाई म्हणाल्या. "ही बरी म्हणती म्हंजे बरीच असणार. आन् अपेक्षा, कॅन पुन्हा भरला की सांग. आपल्याला जायचंय."

भाग्यश्रीने एकदम दोन उचलल्या.