आधी खराटा, मग पाणी

खाडीकाठच्या कोळंबीच्या कारखान्यात अंबिका रोज घसा फोडून सांगायची, सालं आधी खराट्याने गोळा करा, मग पाणी मारा. सुपरवायझर पराग ऐकेल तर शप्पथ! राई गावात तिच्या घरी नळाला दिवसाआड पाणी, आणि हा दिवसभर पाइप सोडून सगळी घाण खाडीत ढकलायचा. आज तिने कॉकच बंद केला.

"तुझ्या बापाचं काय जातंय गं?" म्हणत परागने तिच्या कानाखाली जाळ काढला.

बापाची जाळी त्याच खाडीत सडत होती. अंबिकाने पाइपाची पितळी तोटी त्याच्या थोबाडावर हाणली. तो आडवा झाला, फरशी रक्ताने माखली. सोबतची सुलू घाबरून रक्त धुवायला कॉककडे धावली.

"पानी नको," अंबिकाने तिच्या हातात खराटा दिला. "आधी याचे दात गोळा कर."