लाल रंग कुणी सांगितला?

जरा डोळे मिटा पाहू. नीट मिटा, फटीतून बघायचं नाही.

आता असं समजा, की तुम्ही दहा वर्षांचे आहात. नाताळला दोन दिवस उरलेत. रात्रभर धावून आलेली बस सकाळच्या उन्हात किलिमांजारोच्या पायथ्याशी येऊन पोचली आहे. बसमध्ये पाय ठेवायला जागा नाही, कारण आमच्या चागा लोकांचं एक आहे. वर्षभर कुणी कुठेही पोट भरो, नाताळला प्रत्येकाला डोंगरावरच्या आपापल्या केळीच्या बागेत परतायचं असतं. तुमच्या मांडीवर कापडी पिशवी आहे. पिशवीत लोकरीची टोपी आहे, तुम्ही स्वतः विणलेली. टोपी आईसाठी आहे. औषधांनी तिचे केस गेलेत, आणि डोंगरावर पहाटे गारठा असतो.

उघडा डोळे. त्या बसमधली मुलगी म्हणजे हायका. मी तिचा शाळामास्तर; तीन वर्षं ती माझ्या वर्गात होती. म्हणून तिची गोष्ट मला सांगता येते.

सप्टेंबरात हायकाची आई एलिआइची दवाखान्यात गेली आणि हायकाला तिच्या बाबांनी, झाकायोने, दार-एस-सलामला आपल्या बहिणीकडे पाठवलं. ही मांका आत्या. बाई मायाळू. हायकाला स्वतःच्या बिछान्यात घेऊन झोपायची. पहिले काही रविवार आईचा फोन यायचा. आई हळू बोलायची, मध्येच थांबायची, पण बोलायची. ऑक्टोबरच्या मध्यावर फोन बंद झाले.

"तिच्या घशात नळी घातलीय," आत्या म्हणाली. "बोलता येत नाही तिला. पण ऐकू येतं ना. मी तुझ्या बाबांना विचारते, ते तिला विचारतात. ती काय म्हणते ते मी तुला सांगत जाईन."

मग दर रविवारी निरोप येऊ लागले. आई म्हणते, दूध टाकू नकोस. आई म्हणते, गणिताकडे लक्ष दे. हायका वर्गात तिसरी आली, तेव्हा आत्या म्हणाली, "आईने टाळ्या वाजवल्या, बरं का."

टोपीची लोकर घ्यायला दोघी बाजारात गेल्या, तो नोव्हेंबरचा पहिला शनिवार. दोन गुंड्यांपाशी हायका अडली, एक लाल आणि एक पिवळा. आईला कोणता आवडेल? आत्या फोन घेऊन दुकानाबाहेर गेली आणि थोड्या वेळाने परत आली.

"आई म्हणते, लाल."

हायकाने ती टोपी दोनदा उसवली. तिसऱ्यांदा जमली.

आता बस थांब्यावर येते. बाबा उभे आहेत, अंगावरचा कोट ढगळ झालेला. आत्याच्या पुढे उतरता उतरताच हायकाने विचारलं, "आई?"

"दवाखान्यातच आहे," बाबा म्हणाले. त्यांनी पिशवी उचलली. "नाताळ होऊ दे. मग जाऊ."

चढावर माणसं भेटत होती. दुकानदाराने हायकाच्या हातावर गोळ्या ठेवल्या आणि पैसे घेतले नाहीत. दूधवाल्या बाईने तिच्या डोक्यावरून हात फिरवला आणि पुढे गेली. मीही शाळेच्या फाटकाशी भेटलो. "वाढलीस गं," एवढंच म्हणालो. हायकाला वाटलं, नाताळ आहे, म्हणून सगळे इतके प्रेमळ झालेत.

घरी पोचल्यावर बाबांनी एक गोष्ट बजावली. "घरामागे केळीत जाऊ नकोस. मधमाश्यांचं मोहोळ बसलंय. फार चिडक्या आहेत."

नाताळच्या दिवशी चर्चमधून आल्यावर झाकायोच्या अंगणात बोकड कापला. भाऊबंद, शेजारी मिळून आम्ही बावीस माणसं होतो. एका बाजूला केळी आणि मटणाचं दाट सूप रटरटत होतं. भोपळ्याच्या तुंबड्यातून केळ्यांची बिअर हातोहात फिरत होती.

"काय रे, शहरात राहून सुरी धरायला विसरलास?" झाकायोचा थोरला भाऊ पुतण्याला म्हणाला. "कापतोयस की गुदगुल्या करतोयस?"

"काका, बोकड तुमच्या वयाचा आहे. सुरीच मान टाकतेय."

सगळे हसले. जरा जास्तच हसले. हायका समोर असली की त्या दिवशी सगळे जास्त हसत होते.

मग कुणीतरी ओरडलं, "अरे, पानं कुठायत? वाटे काय मातीत घालायचे?"

आमच्याकडे मटणाचे वाटे केळीच्या पानांवर मांडतात. कुणाला कोणता भाग जायचा ते नात्यावर ठरलेलं असतं. आणि त्या घरात पानं कापायचं काम दर नाताळला मायलेकींचं होतं. आई उंचावरची पानं काढायची, हायका खाली धरायची. दोन महिने सगळ्यांनी किती बारीकसारीक गोष्टी सांभाळल्या होत्या, पण हे काम दुसऱ्या कुणाला द्यायचं एकाच्याही लक्षात आलं नाही. हाक आली तशी हायका सवयीने उठली. भिंतीला अडकवलेला कोयता तिने काढला. मधमाश्यांच्या भीतीने आत्याचा कांगा, ते ओढणीसारखं सुती कापड, डोक्यावरून, तोंडावरून गच्च लपेटून घेतला आणि ती घरामागे गेली.

तिथे एकही मधमाशी नव्हती.

केळीच्या मधोमध सिमेंटचा नवा ओटा होता, घोटून गुळगुळीत केलेला. पाहुणे यायच्या आत तो पुरा व्हावा म्हणून झाकायोने गवंड्याची पाठ सोडली नव्हती. भोवती इसालेची, लांब हिरव्या पानांची, झुडपं लावलेली होती. आमच्याकडे बांधावर आणि थडग्याशी इसाले लावतात. क्रूसावर पांढऱ्या अक्षरांत आईचं नाव होतं. त्याखाली जन्माची तारीख. त्याखाली दुसरी तारीख, १९ ऑक्टोबर.

हायकाने तोंडावरून कांगा काढला आणि बोटांवर दिवस मोजले. मी तिला बोटांवर मोजायला शिकवलं होतं. एकोणीस ऑक्टोबरपासून नोव्हेंबरच्या पहिल्या शनिवारपर्यंत दोन आठवड्यांच्या वर दिवस होत होते. वर्गात तिसरी आली ते तर त्यानंतरचं.

मग तिने पानं कापली. उंचावरची तिला पोचेनात, म्हणून खालची कापली. ती घेऊन अंगणात आली, पुसून एकेक नीट अंथरली. घरात जाऊन पिशवी आणली. पिशवीतून टोपी काढून मांका आत्यासमोर धरली.

"आत्या, लाल रंग कुणी सांगितला?"

आत्याच्या हातात पळी होती. ती तिने पातेल्यावर आडवी ठेवली.

"आईने नाही सांगितला," हायका म्हणाली. "ती तेव्हा नव्हती. मग कुणी सांगितला?"

"बाळ..."

"टाळ्या कुणी वाजवल्या?"

आत्या खाली बसली आणि तिने हातांनी तोंड झाकलं. झाकायो पुढे आला. "हायका, तुझी परीक्षा होती. चौथीची मोठी परीक्षा. तुला आणलं असतं, तर वर्ष वाया गेलं असतं. आम्ही सगळ्यांनी विचार केला की..."

"सगळ्यांनी?"

तिने एकेकाकडे बघितलं. काकाकडे, चुलतभावाकडे, गोळ्या देणाऱ्या दुकानदाराकडे. शेवटी माझ्याकडे. मी मान खाली घातली.

"आईला माती कुणी कुणी दिली?" तिने विचारलं.

काका म्हणाला, "सगळ्यांनीच दिली, पोरी. रीतच आहे."

"माझी मूठ कुणी टाकली?"

झाकायो वळला आणि घरामागे गेला. परत आला तेव्हा त्याच्या हातात इसालेचं पान होतं, मधोमध गाठ मारलेलं. अंगणात सुस्कारा ऐकू आला. डोंगरावर हे पान म्हणजे माफीची शेवटची मागणी. सख्खे भाऊ बांधावरून कोयते काढतात, वर्षानुवर्षं बोलत नाहीत, आणि एक दिवस एकजण गाठ मारलेलं पान घेऊन दुसऱ्याच्या दारात उभा राहतो. मग प्रकरण मिटतं. पान नाकारता येत नाही. नाकारणाऱ्याला गाव विचारत नाही.

झाकायो आपल्या दहा वर्षांच्या मुलीपुढे गुडघ्यांवर बसला आणि दोन्ही हातांनी पान पुढे केलं. चुलीजवळच्या बायका सुपाकडे वळल्या. कुणीतरी तुंबडा उचललासुद्धा. मिटलं, असं सगळ्यांना वाटलं.

हायकाने हात पुढे केला नाही.

सुपावर साय धरू लागली. मी तिथला वयाने मोठा. मला वाटलं, आपण बोलायला हवं.

"हायका," मी म्हणालो, "बाळ, पान नाकारायचं नसतं."

ती माझ्याकडे वळली. आवाज चढवला नाही.

"मी नाकारत नाहीये, गुरुजी. पण तुम्हीच दुसरीत शिकवलं होतंत. पान आणणाऱ्याने आधी आपला गुन्हा तोंडाने सांगायचा. सगळ्यांसमोर. मग पान द्यायचं. बाबांनी कुठे सांगितलाय?"

मुलांनो, मी चाळीस वर्षं शिकवलं. कुणा विद्यार्थ्याने माझाच धडा मला इतका नीट परत केला नव्हता.

"बरोबर आहे तिचं," मी म्हणालो. "झाकायो, सांग."

"तुझी आई एकोणीस ऑक्टोबरला गेली," तो म्हणाला. "पहाटे. त्याच्या आदल्या दिवशी तिने दोनदा विचारलं, हायका निघाली का? मी म्हटलं, निघालीय. बस वाटेत आहे. तू निघाली नव्हतीस. मी मांकाला फोनच केला नव्हता."

हे बाविसातल्या कुणालाच ठाऊक नव्हतं. मांका आत्याने तोंडावरचे हात काढले आणि भावाकडे बघत राहिली.

"तिच्याशीही खोटं," हायका म्हणाली.

"हो. परीक्षेचं मी नंतर सांगायला लागलो. खरं असं, की तू यावीस आणि तुझ्यासमोर ती जावी, हे मला बघवलं नसतं. मला. तुझा विचार मी केला नाही."

"लाल मी सांगितला," मांका आत्या बसल्या जागेवरून म्हणाली. "दुकानाबाहेर मी कुणालाच फोन लावला नाही. भिंतीकडे तोंड करून उभी राहिले. तुझी नजर लाल गुंड्यावर जास्त होती, म्हणून लाल म्हटलं. टाळ्याही माझ्याच."

"मग आईला कोणता रंग आवडायचा?" हायकाने बाबांना विचारलं.

बारा वर्षांचा संसार होता.

"मला माहीत नाही," तो म्हणाला.

हायकाने हात पुढे करून पान घेतलं. रीत पाळली. पण पान घेतल्यावर लोक समोरच्याला उठवतात, मिठी मारतात, एका तुंबड्यातून पितात, त्यातलं तिने काहीच केलं नाही. बाबा गुडघ्यांवरच राहिले. टोपी आत्याच्या मांडीवर टाकून ती घरामागे चालू लागली. कुणी थांबवलं नाही. थोड्या वेळाने झाकायो उठून तिच्या मागे गेला आणि त्याच्या मागे मी.

ती ओट्याशी उभी होती. तळहाताने तिने सिमेंट चाचपून बघितलं, या कडेपासून त्या कडेपर्यंत. माती कुठेच उघडी नव्हती. झाकायोने काम फार नीट करून घेतलं होतं.

मग ती जवळच्या केळीच्या बुंध्याशी गेली. हात मोकळे हवेत, म्हणून इसालेचं पान तिने दातांत धरलं, गाठ ओठांच्या बाहेर राहील असं. आणि गुडघ्यांवर बसून ती आपल्या मुठीची माती दोन्ही हातांनी उकरू लागली.